नंदिवर्धन पायी पाहताना: नगरधन, रामटेक आणि मनसरची वाट

नगरधनला उभा राजवाडा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रामटेकच्या दक्षिणेला, दहा किलोमीटरच्या आत, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं हे गाव. सोळाशे वर्षांपूर्वी इथे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होती. तिचं जे उरलं आहे ते वावरांखाली आहे, घरांच्या जोत्यांत आहे, आणि बरंचसं गावकऱ्यांच्या बोलण्यात आहे. गाडी उभी करून, फोटो काढून अर्ध्या तासात निघालात तर हाती फक्त भोसल्यांचा किल्ला लागेल. राजधानी बघायची असेल तर पायी फिरावं लागतं, आणि तेही गावातलं माणूस सोबत घेऊन. ते नेमकं कसं करायचं, ते या लेखात सांगतो.

निघण्याआधी वहीचं एक पान

इथला इतिहास एका बैठकीत डोक्यात बसतो, आणि तो बसवूनच घराबाहेर पडावं. वहीचं एक कोरं पान घ्या आणि खालून वर लिहीत जा, कारण जमिनीतही सगळ्यात जुनं सगळ्यात खाली असतं.

तळाशी लिहा वाकाटक. तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हे घराणं पुढे आलं. पहिल्या प्रवरसेनानंतर त्याच्या शाखा झाल्या. एक वत्सगुल्मला, म्हणजे आजच्या वाशीमला, आणि दुसरी इकडे नंदिवर्धनला. या शाखेतल्या दुसऱ्या रुद्रसेनाचं लग्न गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याच्या मुलीशी झालं. तिचं नाव प्रभावतीगुप्ता. रुद्रसेन लवकर वारला, मुलं लहान होती, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीपासून पुढची बरीच वर्षं विदर्भाचा कारभार या बाईने चालवला. तिचा जो ताम्रपट 'पुणे ताम्रपट' म्हणून ओळखला जातो, तो नंदिवर्धनहून दिलेला आहे. त्यातली वंशावळ ती माहेरच्या गुप्तांपासून सुरू करते, आणि गोत्रही माहेरचंच सांगते, धारण. पानावर तिच्या नावाखाली रेघ मारा. दिवसभर तीच पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन. त्याच्या अकराव्या राज्यवर्षातला बेलोरा ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे. अठराव्या वर्षातला, अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट मात्र प्रवरपूरहून आहे. म्हणजे मधल्या सात वर्षांत राजधानी हलली होती. त्याच्या वर लिहा नल. नल राजा भवदत्तवर्म्याचा ऋद्धपूरला सापडलेला ताम्रपट नंदिवर्धनहूनच दिलेला आहे. शत्रू वाकाटकांच्या जुन्या राजधानीत येऊन बसला होता, असा त्याचा सरळ अर्थ. त्याच्याही वर राष्ट्रकूट. तिसऱ्या कृष्णाच्या 940 सालच्या देवळी ताम्रपटात 'नागपूर-नंदिवर्धन' असं एका प्रांताचं नाव येतं. आपल्या नागपूरचं इतकं जुनं नाव कागदोपत्री सापडतं ते या ओळीत, आणि तेही नंदिवर्धनच्या जोडीने. मग यादव, देवगडचे गोंड राजे, नागपूरकर भोसले, आणि 1854 पासून इंग्रजी अंमल.

हे पान खिशात ठेवा. वाटेत दिसलेली प्रत्येक वस्तू त्यावरच्या कुठल्या ओळीत बसते, हे ठरवत चालणं म्हणजेच ही पदयात्रा.

केव्हा आणि कसं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धान कापून झालेला असतो, बांध्या उघड्या पडतात आणि जमिनीचे चढउतार डोळ्यांना दिसतात. पावसाळ्यात गवताखाली सगळं झाकलं जातं, जनावराची भीती वेगळी. एप्रिल-मे महिन्यांत इकडचं ऊन्ह काय असतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. रामनवमीला आणि कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला मोठी गर्दी होते. दर्शनासाठी ते दिवस उत्तम, पण दगड निरखायला नाहीत.

नागपूरहून रामटेक सुमारे 50 किलोमीटर. एसटी आहे, इतवारीहून रेल्वेही आहे, वेळा आदल्या दिवशी बघून घ्याव्यात. रामटेकहून नगरधनला ऑटो मिळतो. परतीचं आधीच ठरवून ठेवा, संध्याकाळी गावातून वाहन मिळेलच असं नाही. सोबत पाणी, टोपी, जाड तळव्यांचे जोडे, टेप आणि वही. डबा घरून न्यावा.

वाटाड्या शोधणं

या सगळ्या बेतात सर्वात महत्त्वाचं काम हेच, म्हणून त्याला वेळ द्या. नगरधनसारख्या ठिकाणी दोन प्रकारचे वाटाडे लागतात. एक पुस्तकातलं सांगणारा, म्हणजे इतिहासाचा शिक्षक, पुरातत्त्वाचा विद्यार्थी किंवा नीट वाचून आलेले तुम्ही स्वतः. दुसरा जमिनीवरचं सांगणारा. पहिला नसला तरी भागतं. दुसऱ्याशिवाय नगरधन दिसतच नाही.

दुसरा कुठे भेटतो? 2015 ते 2018 या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याचं पुरातत्त्व खातं यांनी मिळून नगरधनला उत्खनन केलं. असं काम चालतं तेव्हा खुरपी, घमेली आणि ब्रश गावातल्याच माणसांच्या हातात असतात. ज्या माणसाने चर खणला, माती चाळली, त्याला कुठल्या थरात राख होती आणि कुठे भिंत लागली हे आठवतं. गावात गेल्यावर पहिली चौकशी हीच करा: "खोदकामावर कोण कोण होतं जी?" त्यानंतर ज्यांचं वावर जुन्या टेकाडाला लागून आहे असे शेतकरी, किल्ल्यावरचा पहारेकरी, देवळाचे पुजारी, आणि घरची विहीर खोदलेली आठवते अशा म्हाताऱ्या बाया. बायांना हमखास विचारा. सडा-सारवणाला, चुलीला माती कुठून आणायची हे त्यांना ठाऊक असतं, आणि जुन्या टेकाडांवरची पांढरी माती त्यासाठी खास म्हणून खेड्याखेड्यांत नेली जाते.

ओळखीच्या माणसाकडून आधी निरोप पाठवा. भल्या सकाळी कुणाच्या दारात जाऊन उभं राहू नका. कामाच्या दिवसांत माणूस अर्धा दिवस तुमच्यासोबत फिरला तर त्याची मजुरी बुडते, म्हणून पैशांचं आधी आणि मोकळेपणाने बोला. शहरातल्या वाटाड्याला जेवढे मोजाल तेवढेच इथेही द्या. चहापाण्यावर भागवणं बरोबर नाही, कारण हे ज्ञान त्याने अंग मोडून मिळवलेलं आहे.

काय विचारायचं

"हे कोणी बांधलं?" असं विचारलंत की उत्तर येतं पांडवांनी, नाहीतर एखाद्या राक्षसाने एका रात्रीत. हे उत्तर खोटं म्हणून टाकून देऊ नका, वहीत लिहून ठेवा. लोक ज्या जागेला पांडवांशी जोडतात ती जागा बहुधा त्यांच्या पणज्यालाही जुनीच वाटत होती, एवढं त्यातून कळतं. पण तेवढ्यावर थांबूही नका. हाताला लागलेलं विचारा.

"काकाजी, तुमच्या वावरात नांगर कुठं अडते?"

"त्या कडुनिंबापासून धुऱ्यापर्यंत. तिथं विटाच विटा आहे. बाबा काढून काढून थकले."

या दोन वाक्यांत तुम्हाला भिंतीची दिशा मिळाली. कडुनिंब आणि धुरा यांच्यामधली रेघ वहीत काढा, पावलांनी अंतर मोजा. मग पुढचं विचारा: त्या विटा गेल्या कुठे? गोठ्याच्या जोत्याला लागल्या असतील तर गोठा बघा. विहीर खणली तेव्हा किती हातांवर खापरं लागली आणि कुठे थांबली? पहिल्या मोठ्या पावसानंतर कुठल्या जागी मणी, पैसे वर येतात? कुठल्या तुकड्यात पीक नेहमीच बारीक राहतं? जमिनीखाली पक्कं बांधकाम असलं की मुळं खोल जात नाहीत, आणि त्या पट्ट्यातलं पीक आधी सुकतं. ही ओळख पुरातत्त्वाचे अभ्यासक विमानातून काढलेल्या फोटोंवरून करतात, शेतकरी ती दरवर्षी बांधावर उभा राहून करतो.

मात्र नाणी, मूर्ती, सोनं कुणाला सापडलं का, हे खोदून खोदून विचारू नका. माणूस लगेच गप्प होतो, आणि त्याने गप्प व्हावं हेच योग्य. तुम्ही गुप्तधन शोधायला आला आहात असा संशय एकदा आला की दिवस वाया गेला.

नगरधन: विटा वाचायला शिका

सकाळी लवकर, कोवळ्या उन्हात गावापासून सुरुवात करा. तिरप्या उन्हात जमिनीचा लहानसा उंचवटाही सावली टाकतो, दुपारी तो दिसत नाही. आधी गावाभोवती एक फेरी मारा आणि गाव कुठे चढतं, कुठे उतरतं एवढंच बघा. माणसं एकाच जागी शतकानुशतकं राहिली की मातीची घरं पडतात, त्यांवर नवी उभी राहतात, आणि गाव हळूहळू उंच होत जातं.

मग गल्ल्यांत शिरा आणि विटांकडे बघा. आजची वीट 9 इंच लांब. वाकाटक काळातली वीट साधारण हातभर, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत भरते, आणि जाड असते. मध्ययुगातल्या आणि भोसलेकालीन विटा पुष्कळदा लहान आणि पातळ असतात. टेप लावून मोजा. एखाद्या जुन्या जोत्यात खाली हातभर वीट, वर पातळ वीट आणि त्यावर सिमेंटचा गिलावा असं दिसलं तर तुमच्या वहीतलं पान भिंतीवरच उभं आहे. विटेच्या कडेकडे बारकाईने बघा. मोठ्या जुन्या विटेत भाजताना जळून गेलेल्या भुशाच्या बारीक रेषा, पोकळ्या दिसतात. तुसासकट भाताचा भुसा मातीत कालवलेला असला की तशा खुणा राहतात. कुणाच्या घराची भिंत बघताना मात्र आधी घरच्या बाईमाणसाला विचारावं, फोटोही विचारूनच काढावा.

उत्खननाच्या जागेवर आता तुम्हाला फारसं काही दिसणार नाही. शास्त्रीय खोदकामानंतर चर पुष्कळदा बुजवतात, त्यात अवशेष सुरक्षित राहतात. इथेच तुमच्या वाटाड्याची किंमत कळते. त्याला जागेवर उभं करून कामाचा एक दिवस सांगायला लावा, सकाळी काय, दुपारी काय, माती कशी चाळायची. या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाचं मातीचं मुद्रांकन, म्हणजे मातीवर उमटवलेला शिक्का, सापडलं. ब्राह्मी अक्षरांत तिचं नाव आणि सोबत शंख. लांबीला जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, वजनाला साडेसहा ग्रॅमच्या आसपास. अंगठ्याच्या पेराएवढा मातीचा गोळा! एरवी ताम्रपटांतून कळणारी ती राज्यकर्ती इथल्या मातीत, तिच्या स्वतःच्या नावाने हाती आली. मला या सगळ्या परिसरात याहून मोठं काही वाटत नाही. जनावरांची हाडं, खापरं, गणपतीची मूर्तीही मिळाली. राजधानीत माणसं काय रांधत होती आणि कशापुढे हात जोडत होती, ते त्यातून कळतं.

चालताना पायाखाली खापरं येतील. वाकून बघा, पण उचलून खिशात घालू नका. खापराचा तुकडा जिथे पडला आहे तिथेच तो बोलतो, तुमच्या कपाटात तो मुका होतो. सापडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी 1878 सालचा निखात निधी कायदाही आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शेतकऱ्याला कधी काही सापडलं तर त्याने तहसील कार्यालयात लेखी कळवून पोच घ्यावी, एवढं त्याला आठवणीने सांगा.

किल्ला शेवटी बघा. तो गावालगत आहे, आयताकृती, तटबंदी आणि बुरूज असलेला, दुरुस्त केलेला. आतल्या विहिरीलगत पायऱ्या उतरून देवीचं भुयारी देऊळ आहे, तिथला गारवा दुपारी सुखाचा. हा किल्ला भोसल्यांच्या काळातला मानतात. म्हणजे वहीच्या पानावर तो अगदी वरच्या ओळींत बसतो. त्यालाच नंदिवर्धन समजून परतणारे खूप असतात. तुम्ही तटावर चढा, पाठ किल्ल्याकडे करा आणि बाहेरच्या वावरांकडे बघा. राजधानी तिकडे आहे.

रामटेक: दुपारनंतर गडावर

जेवून, थोडं टेकून रामटेकला या. प्रभावतीचा दुसरा एक ताम्रपट, ऋद्धपूरला सापडलेला, 'रामगिरीस्वामीच्या पायांशी' दिलेला आहे. म्हणजे राजधानी खाली मैदानात आणि तिचं देवस्थान या टेकडीवर, अशी जोडी होती. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी हाच, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

गाडीरस्ता वरपर्यंत जातो, तरीही अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढा. तलावाभोवतीचे घाट आणि देवळं बघून चढायला लागलं की काळाचे थर आपोआप समोर येतात. माकडांपासून हातातली पिशवी सांभाळा.

वर गेल्यावर गर्दी सरळ रामाच्या देवळाकडे जाते. तुम्ही आधी नरसिंहांकडे वळा. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह, ही दोन लहान, जाडजूड दगडी देवळं पाचव्या शतकातली. त्या काळातलं उभं देऊळ महाराष्ट्रात सहज बघायला मिळत नाही. आत तांबूस दगडाचा भव्य नरसिंह आरामात बसलेला, हातात चक्र. हिरण्यकश्यपूला फाडणारा उग्र नरसिंह आपल्याला माहीत असतो, हा शांत आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटं थांबा, मग आयाळीचे कुरळे झुपके दिसू लागतात. केवल नरसिंहाच्या मंडपात भिंतीवर एक खंडित शिलालेख आहे. चुन्याच्या थरांखाली तो झाकला गेला होता, दुरुस्तीच्या वेळी उघडा पडला. अक्षरं वाकाटकांच्या खास वळणाची, डोक्यावर छोटी चौकट असलेली, म्हणून त्या लिपीला पेटिकाशीर्षक ब्राह्मी म्हणतात. त्यात प्रभावतीचा उल्लेख आहे, आणि तिच्या स्मरणार्थ तिच्या मुलीने हे देऊळ उभारलं असं त्याचं वाचन अभ्यासकांनी केलं आहे. सकाळी नगरधनला मातीच्या गोळ्यावर तिचं नाव, संध्याकाळी इथे दगडावर. अक्षरांना हात लावू नका, बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा टाका, म्हणजे खाच उठून दिसते.

तिथून वराह आणि त्रिविक्रम बघा. वराह संपूर्ण पशुरूपातला. त्रिविक्रम भंगलेला, उघड्यावर उभा, तरी त्याच्या उचललेल्या पायाचा जोर लपत नाही. टेकडीच्या कुशीतला भोगराम दोन गाभाऱ्यांचा, महानुभावांनाही पवित्र. मग वराह दरवाजा, सिंघपूर दरवाजा, भैरव दरवाजा आणि गोकुळ दरवाजा ओलांडत मुख्य देवळांपाशी या. इथे लक्ष्मणाचं देऊळ रामाच्या समोर आहे, आणि त्यात यादव राजा रामचंद्राच्या काळातला शिलालेख आहे. तटबंदीवर भोसल्यांचा हात. एका टेकडीवर वाकाटक, यादव आणि भोसले असे तिन्ही थर, आणि तिन्हींत पूजा अजून चालू. पायथ्याच्या शांतिनाथ जैन मंदिरासाठी आणि कापूर बावडीसाठी वेळ उरला तर बघा, नाहीतर ती दुसऱ्या खेपेला ठेवा.

देवळांत फिरताना हे लक्षात असू द्या की इथे येणारे बहुतेक लोक दर्शनाला आलेले असतात. आरती चालू असताना टेप बाहेर काढू नका. पुजाऱ्यांना स्थानमाहात्म्य सांगू द्या, मध्येच ताम्रपट काढून ते खोडू नका.

मनसर: दुसऱ्या दिवशी

एकाच दिवसात तिन्ही उरकायचा मोह टाळा. मनसर जबलपूर रस्त्यावर आहे, रामटेकपासून जवळच. तिथल्या हिडिंबा टेकडीवर 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून मोठं उत्खनन झालं आणि विटांचं प्रचंड बांधकाम उघडं पडलं. बाहेरच्या भिंती आत-बाहेर वळत जातात, त्यांच्या कडेने सावकाश फिरा आणि एका बांधकामावर दुसरं कुठे चढलं आहे ते शोधा. जोड जिथे बसत नाही, तिथे काळ बदलला आहे. नगरधनला जी वीट तुम्ही गोठ्याच्या जोत्यात मोजली, तिच्या भावकीतल्या हजारो विटा इथे आपापल्या जागी आहेत. म्हणून मनसर नगरधननंतर बघायचं.

प्रवरसेनाची नवी राजधानी प्रवरपूर कुठली, यावर जुना वाद आहे. इतिहास-अभ्यासक वा. वि. मिराशींनी वर्धेजवळचं पवनार सुचवलं होतं. मनसरला प्रवरेश्वर देवाच्या नावाचं मुद्रांकन मिळाल्यावर अनेक अभ्यासक मनसरच्या बाजूने झुकले. मलाही मनसरची बाजू वजनदार वाटते. हा परिसर बौद्ध आचार्य नागार्जुनांशी जोडणारी परंपराही आहे, आणि जवळच्या हमलापुरीला बुद्धाच्या कांस्यमूर्ती सापडल्या आहेत. गटात कुणाची श्रद्धा कशावर आहे ते माहीत नसताना एकच बाजू ठासून सांगू नये. पुरावा कोणता आणि परंपरा कोणती, हे वेगवेगळं सांगितलं की दोन्हींचा मान राहतो.

उघड्या पडलेल्या विटांच्या भिंतींवर चढायचं नाही. मुलांचा गट असेल तर दर आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, आणि प्रत्येक मुलाला एकच काम द्या: एकाने विटा मोजायच्या, एकाने दिशा टिपायच्या, एकाने वाटाड्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायचे. ते शब्द नंतर गावच्या शाळेत एका वहीत उतरवून द्या, त्या माणसाचं नाव त्याच्या परवानगीने घालून.

परतताना नागपूरला थांबता आलं तर मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, गाठा. विदर्भातल्या वस्तू तिथे आहेत. मनसरची लठ्ठ, जटाधारी शिवाची मूर्ती मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिचा फोटो निघण्याआधीच मोबाईलवर घेऊन ठेवा आणि मनसरच्या टेकडीवर वाटाड्याला दाखवा. त्याच्याकडून तिच्याबद्दल जे ऐकायला मिळेल तेही वहीत लिहून घ्या.